गोगलगायीचा पिवळा मणी

मित्रांनो, तपासणी कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारी एक काचेचे कपाट आहे. त्यातल्या सगळ्यात खालच्या फळीवर, बंद पडलेल्या तराजूच्या मागे, पेने ठेवायच्या डबीसारखे काहीतरी काळपट दिसते ना, ती मी. पण मी पेनांची डबी नाही. मी मापनळी आहे, पितळेची, आणि आता बरीच म्हातारी. माझ्या पोटात एक पिवळा मणी आहे. तो तिथे कसा आला, असे आजवर पुष्कळांनी विचारले, पण सांगणारे कुणी जवळ नसायचे. म्हणून म्हटले, आज आपणच सांगावे.

माझा जन्म एका लेथवर झाला. कारागिराला एक सरकारी कागद मिळाला होता. तोंड बरोबर सव्वा इंच रुंद. तळ आतून तिरका, एका बाजूला एक इंच खोल आणि दुसऱ्या बाजूला सव्वादोन. केसाएवढाही फरक चालणार नाही. त्याने मला कातले, घासले आणि उजेडात धरून पाहिले. तेवढ्यात त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली.

"हा काय पेला केलात?" ती म्हणाली. "आतून तळ वाकडा झालाय की! माप चुकलं असेल तुमचं."

"माप नाही चुकलेलं."

"मग यातून पिणार कोण? चिमणीसुद्धा तहानलेली राहील."

"अगं, पेला नाही हा. गळा आहे."

"कुणाचा गळा?"

"तान्ह्या मुलाचा. तीन वर्षांच्या आतल्या. जी वस्तू यात अख्खी मावते, ती मुलाच्या गळ्यात अडकू शकते. तो सरकारी माणूस सांगत होता."

बाईने हातातला डबा खाली ठेवला. मला उचलले आणि माझ्या तोंडात बोट घालून पाहिले. "एवढासाच असतो?" असे काहीसे ती पुटपुटली. मग नवऱ्याला म्हणाली, "कडा अजून घासा हो. गळा आहे म्हणता, तर टोचता कामा नये."

त्याने कडा पुन्हा घासल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला लाड.

मग मी या कार्यालयात आले. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. एकच मोठी खिडकी, लोखंडी टेबल, छताला आकडे, कोपऱ्यात वजने. बाजारात विकायला असलेल्या वस्तू इथे आणून तपासत. इस्त्र्या, शेगड्या, शिड्या, पाळणे आणि खेळणी. खेळण्यांचे काम एका परीक्षकबाईंकडे होते. बारीक अंगाच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. त्या खेळण्याचा एखादा भाग चिमट्यात धरत, त्याला वजन टांगत आणि मोठ्याने मोजत, "एक, दोन, तीन..." दहापर्यंत. दहा म्हणेपर्यंत भाग निघाला नाही, तर खेळणे पास. निघाला, तर तो तुकडा माझ्यात टाकायचा. बाहेर डोकावला तर ठीक. अख्खा मावला तर नापास.

तुकडा तळाला लागला की माझ्यातून आवाज येई. टक्. एवढे एकच अक्षर मला बोलता येते. पण तेवढ्यावर केवढाली कागदपत्रे तयार होत! मला त्याचा गर्व होता. खोटे कशाला बोलू?

त्या खोलीचे शिपाई होते झिलईकाका. हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. दाराच्या कड्यांपासून टेबलावरच्या घंटेपर्यंत जे जे धातूचे दिसेल ते ते चकचकीत करायची त्यांना सवय होती, म्हणून पडलेले नाव. कारकून म्हणायचे, "काका तेवढं साहेबांचं टक्कल पुसत नाहीत."

"पुसलं असतं," काका गंभीरपणे म्हणत, "पण तिथं आधीच कुणीतरी हात मारून गेलंय."

रोज काम संपले की काका मला लिंबाच्या सालीने आणि बारीक राखेने घासत, धूत, मऊ फडक्याने पुसत आणि पुसता पुसता माझ्याशी बोलत. माझ्याशी म्हणजे खरे तर आपल्या नातीविषयी. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. मला तिचा पहिला दात कधी आला ते ठाऊक होते. आजोबांची चप्पल पायांत अडकवून ती घरभर रांगली, तेही ठाऊक होते. "दे" आणि "नको" हे दोनच शब्द तिला येत होते. "पण बाईसाहेबांचं सगळं राज्य त्या दोन शब्दांवर चालतं," काका सांगत.

एकदा काका तिला कार्यालयात घेऊन आले. तिच्या आईला दवाखान्यात जायचे होते, आणि घरी दुसरे कुणी नव्हते. भिंगरीने टेबलावर बसून सगळ्यांत आधी मला उचलले, दोन्ही हातांनी. मग माझ्या तोंडाला आपले तोंड लावले आणि ओरडली, "आऽऽ!"

माझ्या पोटात तो आवाज घुमला आणि तिच्याकडे परत गेला. ती दचकली. मग खुदकन हसली आणि पुन्हा ओरडली, "आऽऽ!"

परीक्षकबाई खुर्चीत मागे रेलून हसत होत्या. "काका, ही पास! ही नळीत मावत नाही, पण नळीच हिच्यात मावेल!"

मित्रांनो, लोकांनी माझ्यात हजारो तुकडे टाकले. मणी, चाके, शिट्ट्या, बाहुलीचे बूट. माणसाचा आवाज मात्र तेवढा एकदाच घातला. तो घालणारी भिंगरी होती.

आता थोडे कायद्याविषयी सांगते. कंटाळू नका. कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले.

तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वस्तू आधी दुकानात जायच्या आणि नंतर कधीतरी आमच्याकडे तपासायला यायच्या. वस्तू नापास झाली, तरी आम्ही लोकांना लगेच सांगू शकत नव्हतो. आधी कंपनीला गुप्त पत्र पाठवायचे. उत्तराला तीस दिवस द्यायचे. कंपनीने मागितले तर आणखी तीस. मग सुनावणी, आणि मग जमले तर जाहीर सूचना. तोवर निकाल कुणालाही सांगायचा नाही. शेजाऱ्याला नाही, भावाला नाही, कार्यालयातल्या दुसऱ्या माणसालाही नाही. आमच्या खोलीत लाल अक्षरांची पाटीच होती: 'तपासणीचा निकाल बाहेर सांगणे गुन्हा आहे.' तुकडे पाकिटात घालून मोहोर लावायची आणि पाकिटावर फक्त क्रमांक लिहायचा.

हा कायदा करणारे दुष्ट होते, असे मी म्हणणार नाही. एखाद्या प्रामाणिक कारखानदाराचे नाव आपल्या चुकीने बदनाम होऊ नये, एवढाच त्यांचा विचार होता. त्यांनी नावाची काळजी घेतली. माझ्या मापाच्या माणसांची घ्यायची राहून गेली.

एके दिवशी बाईंच्या टेबलावर एक ओढायची गोगलगाय आली. लाल शंख, खाली चार चाके, पुढे दोरी. डोक्यावर दोन शिंगे आणि प्रत्येक शिंगाच्या टोकाला एक पिवळा मणी. दोरी ओढली की शंख डुलायचा आणि मणी हलायचे. मोठी गोड दिसत होती. नुकत्याच चालू लागलेल्या मुलांसाठी होती ती.

बाईंनी मणी चिमट्यात धरला, वजन टांगले. "एक, दोन, तीन, चार..." चारला मणी निघाला. त्यांनी तो माझ्यात टाकला. टक्.

दुसरा मणी तीनलाच निघाला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गोगलगाय खोक्यात घालून खोक्याला मोहोर लावली. तेवढ्यात साहेबांनी बोलावले म्हणून त्या उठल्या, आणि दुसरा मणी माझ्यातच राहिला. संध्याकाळी काकांनी मला धुवायला उलटे केले तेव्हा तो त्यांच्या तळहातावर पडला.

"वा! अगदी पिकलेलं बोर," ते म्हणाले आणि नियमाप्रमाणे, काही न विचारता, त्यांनी तो पाकिटात सरकवला. गोगलगाय त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी फक्त मणी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीला लिहिलेले गुप्त पत्र टपालात टाकायला तेच गेले.

अठरा दिवस गेले. एके दुपारी काका बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा असा, की कधी एकदा सांगतो!

"बाई, आमची भिंगरी चालली! सात पावलं. आठव्याला आपटली, पण रडली नाही. उठून म्हणते, 'दे'! आता काय देऊ सांगा?"

"अरे वा," बाई म्हणाल्या.

"म्हटलं, तिला ओढायचं काहीतरी घ्यावं. ती पुढे, खेळणं मागे. तुम्ही रोज शंभर खेळणी बघता. कुठलं घेऊ?"

बाईंचे हात टेबलावर थांबले. त्यांनी तोंड उघडले. मग नजर लाल पाटीवर गेली. दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर दुसरे परीक्षक बसत. त्यांनी आपल्या बहिणीला एका इस्त्रीविषयी सावध केले होते. आठवड्याच्या आत त्यांची नोकरी गेली. बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि मिळवणाऱ्या त्या एकट्याच.

"ठोकळे घ्या, काका," त्या शेवटी म्हणाल्या. "लाकडाचे. मोठाले."

"ठोकळे? ती काय बसून घर बांधणारे? ती भिंगरी आहे, बाई!"

"तरी... ठोकळेच घ्या. माझं ऐका."

"बरं, बघतो," काका हसले. "तसं काळजीचं कारण नाही म्हणा. आपलं कार्यालय आहे की! आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय दुकानात काही येतं का?"

मित्रांनो, पंचवीस वर्षे त्या कार्यालयात काढलेला माणूस हे बोलला. पाकिटे त्यांनी नेली, पत्रे त्यांनी टाकली, पण पाकिटात काय असते हे त्यांना कुणी कधी सांगितले नव्हते. बाहेरच्या माणसाने कदाचित दुकानदाराला चार प्रश्न विचारले असते. काकांनी विचारले नाहीत. त्यांचा आपल्या कार्यालयावर विश्वास होता.

बाईंनी पुढचे खेळणे ओढून चिमट्यात धरले. काका वळून निघून गेले. त्यानंतर काका भिंगरीविषयी बोलू लागले की बाई काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जात. आपल्याच जिभेची त्यांना भीती वाटत होती.

मग काका ते सगळे मलाच सांगू लागले.

"अगं, काय गंमत!" एके दिवशी ते मला घासत म्हणाले. "गोगलगाय घेतलीये. लाल शंखाची. पोरगी तिला दोरीनं ओढत सगळ्या चाळीत फिरते. जिना आला की कडेवर घेते. म्हणजे मी भिंगरीला कडेवर घ्यायचं आणि भिंगरीनं गोगलगायीला. अशी आमची वरात!"

मला माहीत होते. मित्रांनो, मला माहीत होते! ती गोगलगाय मी पाहिली होती. तिचे दोन्ही मणी माझ्या पोटात टक् वाजले होते. काका मला दोन्ही हातांत धरून सांगत होते आणि मी पितळ होते. मी चकाकले. तेवढेच मला येत होते.

एकोणतिसाव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले. आणखी तीस दिवस हवेत. ते पाकीट बाईंच्या टेबलावर काकांनीच आणून ठेवले.

एकेचाळिसाव्या दिवशी काका आले नाहीत.

पंचवीस वर्षांत ते न सांगता कधी घरी राहिले नव्हते. दुपारी एक कारकून खोलीत आला आणि दाराशीच थांबला. "बाई, काकांची नात गेली," तो म्हणाला. "काल दुपारी. खेळता खेळता. काहीतरी गिळलं म्हणे."

बाई उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. त्यांनी काय गिळले म्हणून विचारले नाही.

मी तिथे नव्हते, म्हणून जे पाहिले नाही ते मी रंगवून सांगणार नाही. नंतर कानावर आले ते एवढेच, की तिची आई शेजारच्याच खोलीत होती. आणि काहीच ऐकू आले नाही. गळा बंद झाला की मूल ओरडू शकत नाही.

बऱ्याच दिवसांनी काका कामावर आले. दाढी वाढलेली, पण सदरा इस्त्रीचा. ते नेहमीप्रमाणे बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले. खिशातून रुमाल काढला आणि त्याची घडी उलगडली. आत पिवळा मणी होता.

"बाई, जरा बघता का," ते म्हणाले, "हा नळीत मावतो का?"

बाईंच्याने हात पुढे करवेना. मग काकांनीच मला पुढ्यात ओढले आणि मणी माझ्यात सोडला.

टक्.

काका तो आवाज ऐकत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेले. त्यांनी मला उलटे केले. मणी तळहातावर पडला. असाच एक मणी पूर्वी एकदा त्याच तळहातावर पडला होता.

"पिकलेलं बोर," ते पुटपुटले. मग त्यांनी वर पाहिले. "बाई, मी कुठलं घेऊ म्हणून विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, काका."

"किती दिवस आधी?"

"अठरा."

मला वाटले, आता ते ओरडतील. टेबल उलथून टाकतील. मला भिंतीवर आपटतील, तर बरे होईल. तसे काहीच झाले नाही. त्यांनी मणी रुमालात बांधला. मला नळाखाली नेले, धुतले, पुसले, जागेवर ठेवले. आणि त्या दिवसापासून मला घासणे सोडले. कड्या घासत, घंटा घासत, खिडकीच्या खिट्ट्या घासत. फक्त माझ्यापाशी आले की फडके थांबे आणि पुढे जाई.

मी काळी पडू लागले.

त्याच आठवड्यात बाईंनी एक पत्र लिहिले. साहेबांना नव्हे, कायदेमंडळाला. नापास खेळण्याचा क्रमांक, कंपनीचे नाव, तारखा, काकांचा प्रश्न आणि आपले उत्तर, सगळे लिहिले. 'मला विचारण्यात आले. मला माहीत होते. मी सांगितले नाही, कारण कायद्याने मला गप्प राहायला सांगितले होते,' असे शेवटचे वाक्य होते. निकाल फोडला म्हणून बाईंना घरी बसवण्यात आले. पण पत्र वर्तमानपत्रांत छापून आले, लोक खवळले, दुकानांतून गोगलगायी परत घ्याव्या लागल्या आणि कायदा बदलण्यासाठी समिती नेमली गेली.

समितीपुढे साक्ष द्यायला काकांना बोलावले. जाताना त्यांनी मला रुमालात गुंडाळले. बाहेर बाकावर बाई आधीच येऊन बसल्या होत्या. काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसांची जागा रिकामी.

"काका," बाई म्हणाल्या, "मला माफ करू नका."

काकांनी मांडीवरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाले, "बाई, पत्रं मीच टाकली. पाकिटं मीच नेली. सगळं तुमच्या एकटीच्या पदरात कसं घालू?"

ते दोघे पुढे पुन्हा कधी एकमेकांशी बोलल्याचे मी ऐकले नाही.

आत लांबलचक टेबल होते. सात सभासद, आणि अध्यक्ष म्हणून पांढऱ्या केसांच्या एक आजी. काकांनी मला टेबलावर ठेवले. एक गलेलठ्ठ सभासद हसून म्हणाले, "काका, पेला फारच लहान आणलात हो! आमचं कसं भागायचं?"

"पेला नाही, साहेब. गळा आहे," काका म्हणाले. त्यांनी रुमालातून मणी काढून त्यांच्या हातात दिला. "यात टाकून बघा."

टक्. सभासदांचे हसू मावळले. त्यांनी मला शेजाऱ्याकडे सरकवले. टक्. मग पुढे. टक्. अशी मी टेबलाभोवती फिरले. शेवटी अध्यक्षबाईंकडे आले. त्यांनी मणी घेतला, पण माझ्यात टाकला नाही. मुठीत धरून ठेवला.

मग कंपनीचे वकील उठले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून तेही सांगते. "कार्यालयाची तपासणी एखाद्या वेळी चुकू शकते," ते म्हणाले. "चुकीच्या सूचनेनं चांगला कारखाना एका दिवसात बसतो. तिथल्या कामगारांनी काय करायचं? गेलेलं नाव परत येत नाही."

काकांनी मान हलवली. "बरोबर आहे, साहेब. नाव मोठं असतं. पण नाव पुसलं तर पुन्हा रंगवता येतं. मी स्वतः कितीतरी पाट्या रंगवल्यात."



"तुमची मागणी काय आहे?" अध्यक्षबाईंनी विचारले. "कंपनीला शिक्षा? भरपाई?"

"मला काय द्याल तुम्ही?" काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "एवढंच करा. कुणी विचारलं, तर ज्याला माहीत आहे त्याला सांगता यावं. बास."

अध्यक्षबाईंनी मूठ उघडून मणी काकांच्या तळहातावर ठेवला.

कायदा बदलायला दोन वर्षे लागली. वादावादी झाली, मसुदे फाटले, पुन्हा लिहिले गेले. शेवटी ठरले, की तान्ह्या मुलांच्या वस्तू आधी तपासायच्या आणि मगच दुकानात ठेवायच्या. आणि कुठलीही धोक्याची वस्तू नापास झाली, तर त्याच दिवशी लोकांना सांगायचे. कंपनीला आपले म्हणणे मांडता येईल, पण सूचना थांबवता येणार नाही. नवा कायदा मंजूर झाला त्या दिवशी सभागृहात टाळ्या वाजल्या. माझे छायाचित्र छापून आले. 'कायदा बदलणारी नळी' असे खाली लिहिले होते. मित्रांनो, माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते, आणि ते मला इतके नकोसे कधी वाटले नव्हते. कायदा नळीने बदलला नव्हता.

शिवाय नवा कायदा त्या दिवसापासून पुढे लागू झाला. मागे जाऊन तो काही करू शकत नव्हता. बाई ज्या कायद्याने दोषी ठरल्या तो जुना होता, म्हणून त्यांची नोकरी परत आली नाही. आणि भिंगरी... तिच्यापर्यंत पोहोचेल असा कायदा कुणाला करता येतो?

नव्या कायद्याखाली नापास झालेले पहिले खेळणे एक खुळखुळा होता. बाईंच्या जागी आलेल्या तरुण परीक्षकाने सकाळी तो तपासला आणि दुपारी सूचना छापून तयार झाली. ती दारावरच्या फळ्यावर लावायचे काम काकांचे. त्यांचा कामाचा तो शेवटचा महिना होता. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी खळ लावली, कागद चिकटवला आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबले. मग दोन पावले मागे सरून मोठ्याने वाचला, एकेक शब्द सुटा करून. रस्त्याने एक बाई लेकराला कडेवर घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय हो, कसली नोटीस आहे?"

"हा खुळखुळा घेऊ नका," काका म्हणाले. "घरी असला तर आजच काढून टाका."

"बरं झालं बाई सांगितलंत," ती म्हणाली आणि गेली.

काका तिच्या पाठीकडे, तिच्या खांद्यावरून मागे बघणाऱ्या त्या लेकराकडे, ती दोघे वळणाआड जाईपर्यंत पाहत उभे राहिले. मग आत आले. लिंबाची साल घेतली, राख घेतली. अडीच वर्षांनी त्यांनी मला घासायला उचलले. घासता घासता ते रडत होते. त्यांच्या तोंडून जराही आवाज फुटत नव्हता.

मी लख्ख झाले. मग त्यांनी रुमालाची घडी उलगडली आणि मणी माझ्यात हलकेच ठेवला. असा, की टक् वाजू नये. त्यांनीच मला या कपाटात आणून ठेवले, आणि महिना संपल्यावर ते निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

आता वरच्या खोलीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या आहेत. हलक्या, स्वच्छ, माझ्याहून चांगल्या. त्याचे मला दुःख नाही. कुणी घासत नाही, म्हणून मी पुन्हा काळवंडले आहे. त्याचेही नाही. माझ्यापुढच्या कार्डावर 'जुने मोजमापाचे साधन' एवढेच लिहिले आहे. दुःख आहे ते त्याचे.

मागे तुमच्यासारखीच मुले इथे सहलीला आली होती. एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, "बाई, त्या डबीत पिवळं काय आहे?"

"असेल काहीतरी. चला, रांग मोडू नका," तिच्या बाई म्हणाल्या.

मुलगी गेली. पण तिच्या श्वासाचा एक गोल डाग काचेवर बराच वेळ राहिला.

मित्रांनो, घरात तान्हे भावंड असेल, तर त्याच्या खेळण्यांचे मणी, चाके, डोळे रोज ओढून बघा. सैल झालेले काढून टाका. दारावर लावलेल्या सूचना मोठ्यांना वाचून दाखवा. कुणी हसले, तर हसू द्या. विचारत राहा, आणि उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. एक दिवस तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कुणी परीक्षक होतील, कुणी पत्रे पोहोचवतील, कुणी कायदे करतील. तेव्हा कुणी आजोबा टेबलापाशी उभे राहून, हसत हसत, 'कुठलं घेऊ?' असे विचारतील. त्यांना सांगा.

मला सांगता आले नाही. माझ्या पोटात आधी एक 'आऽऽ' होता. आता मणी आहे.